‘एकाच पाण्याचे दोन आकडे’ या तक्रारीला लॅबचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की पाण्यात विरघळलेल्या सिलिकाच्या (वाळूत, काचेत असते तीच) तपासणीत एकाच बोअरच्या पाण्याला आमच्याकडे लिटरमागे १८.७ मिलिग्रॅम आलं आणि दुसऱ्या लॅबमध्ये ४०, म्हणजे आम्ही आकडे ठोकून देतो. शिवाय डीएम (म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्याचं रिडिंग आमच्याकडे त्यांच्या वीसपट आलं, तेव्हा मशीनच बिघडलेलं असणार.

बोअरच्या पाण्याचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. आम्ही सिलिकॉन लिहिलं, त्यांनी सिलिका. सिलिकात सिलिकॉनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू असतात, त्यामुळे १ मिलिग्रॅम सिलिकॉन म्हणजे सुमारे २.१४ मिलिग्रॅम सिलिका. १८.७ ला २.१४ ने गुणून बघा. पण हे रिपोर्टवर एकाच शब्दात, तेही बारीक अक्षरांत छापलेलं होतं आणि बॉयलरवाल्यांना हवा असतो तो सिलिकाचाच आकडा. ही चूक आमची. आता दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापतोय.

डीएम पाण्याचं प्रकरण वेगळं आहे. तुमची तक्रार वाचल्यावर मी स्वतः रजिस्टर काढलं. नमुना जॅमच्या काचेच्या बाटलीत आलेला, आणि भरल्याची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. काच मुळात सिलिकाचीच. एवढं शुद्ध पाणी तिच्यात इतके दिवस राहिलं की काचेतली सिलिका थोडीथोडी पाण्यात उतरते. बोअरच्या पाण्यात एवढी भर लक्षातही येत नाही, डीएम पाण्यात मात्र तोच सगळा आकडा होऊन बसतो.

मशीनचं म्हणाल तर त्या दिवशीचा ब्लँक, म्हणजे सिलिका नसलेल्या पाण्याची चाचणी, स्वच्छ होता आणि १ मिलिग्रॅमचं स्टँडर्ड, म्हणजे आधीच माहीत असलेल्या प्रमाणाचं द्रावण, जागच्या जागी आलं होतं. सिलिकाशी जुळणारं मॉलिब्डेट हे रसायन घालून पिवळा रंग, फॉस्फेटची लुडबुड नको म्हणून ऑक्झॅलिक आम्ल, मग क्षपण (रिडक्शन) करून निळा रंग आणि ८१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला रिडिंग, सगळं नेहमीसारखं. बाटलीत जे होतं तेच मशीनने दाखवलं. ती बाटली काउंटरवरच परत करायला हवी होती. आमच्या मुलाने घेतली, आणि घेऊ नये हे त्याला मी कधी नीट सांगितलंच नव्हतं.

पुन्हा तपासून देतो, पैसे लागणार नाहीत. पॉलिथिलीनच्या दोन बाटल्या तुमच्यासाठी बाजूला ठेवल्यात. त्याच पाण्याने तीनदा खळबळून घ्या, काठोकाठ भरा आणि लवकर आणा. फ्रिजमध्ये ठेवलीत तरी चालेल, फक्त गोठवू नका. गोठलं की विरघळलेल्या सिलिकाचे रेणू एकमेकांना जुळतात, ती मॉलिब्डेटला सापडत नाही, आणि मग आकडा उलट कमी येतो. तसं झालं तर पुढचा एक तारा त्यावरून मिळायचा!

त्या दुसऱ्या लॅबलाही त्याच वेळी भरलेली बाटली द्या. दोन्ही रिपोर्ट आले की इथेच टाका, मी बघतो.