लक्ष्मणफळाचा काढा आणि आत्तीची चुकलेली केमो

परवा राजारामपुरीत आत्तीकडं गेलो, तर गॅसवर लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा उकळत होता आणि केमोची तारीख टळून चार दिवस झाले होते. कारण फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: ‘लक्ष्मणफळ केमोच्या १०,००० पट प्रभावी, फक्त कॅन्सरच्याच पेशी मारतं, नैसर्गिक म्हणून अपाय शून्य, औषध कंपन्यांनी दडपून ठेवलं.’ असले मेसेज पुढं ढकलणाऱ्यांनो, निदान एकदा तपासायचं तरी!

१०,००० चा आकडा हवेतला नाही, हे मान्य. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी या झाडाच्या बियांतून सिस-अॅनोनॅसिन हे रसायन वेगळं काढलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या एका प्रकारच्या पेशींवर ते अॅड्रियामायसिन या केमोच्या औषधाच्या १०,००० पट तीव्र ठरलं. पानांचा काढा प्यायलेला माणूस त्यात कुठंच नाही. शिवाय आतड्याच्या कॅन्सरवर अॅड्रियामायसिन मुळातच फारसं चालत नाही, म्हणजे तुलनाच लंगडी. ते चालतं स्तनाच्या कॅन्सरवर. आत्तीला सलाइनमधून देतात ते लाल औषध तेच, आणि या मेसेजपायी तिनं तेच चुकवलं! नैसर्गिकच हवं असेल, तर तेही मातीतल्या जिवाणूपासूनच मिळालंय.

‘अपाय शून्य’ वाचून तर माझं डोकंच फिरलं. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावर हे फळ आणि पानांचा चहा घरोघरी. तिथल्या पार्किन्सनसारख्या (कंपवातासारख्या) आजाराच्या ८७ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. नेहमीचा पार्किन्सन फक्त २२ जणांना. बाकी बहुतेकांचा आजार वेगळाच, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा, आणि त्यांच्यात या झाडाचं सेवन जास्त आढळलं. याच झाडातलं अॅनोनॅसिन मेंदूतल्या पेशी मारतं, हे पुढं उंदरांवर दिसलं. मग ‘फक्त कॅन्सरच्याच पेशी’ कुठं राहिलं? कधीतरी फळ खाणं वेगळं, रोज दोन वेळा काढा पिणं वेगळं.

दडपलं म्हणे! शोधनिबंध छापलेले आहेत, कुणीही वाचावेत.

झाडात औषध असतं, हे मी नाकारत नाही. आपल्याच सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅन्सरच्या पेशी मारणारं कॅम्प्टोथेसिन हे रसायन आहे. पण १९७० च्या सुमारास ते रुग्णांना दिलं, तेव्हा लघवीतून रक्त गेलं, पांढऱ्या पेशी घसरल्या आणि चाचण्या थांबल्या. त्याच्या रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कॅन्सरची औषधं घडवली, ती अमेरिकेत मंजूर व्हायला १९९६ उजाडलं. तेवढी वर्षं लागली, ती रुग्णाच्या जिवासाठी.

सोमवारी आत्तीला घेऊन जातोय. काढा किती दिवस, किती कप प्यायली, ते डॉक्टरांना दाखवायला कागदावर लिहून घेतलंय.