१५ जीबीत संसार थाटताना

हार्ड डिस्क घ्यायला निघाला असाल तर पहिले चपला काढा आणि परत घरात या. चार-पाच हजार घालवून एक टीबीचा डबा आणणार, तो कपाटात स्वेटरखाली ठेवणार आणि मग विसरणार, त्यापेक्षा जग इंटरनेटवर फुकट जागा, म्हणजे क्लाउड, आपल्या भाषेत ढग, वाटत सुटलंय ती घ्या ना. फुकट ते पौष्टिक, एवढं एक लक्षात ठेवा, बाकी मी सांगतो तसं करत चला.

सुरुवात गुगलच्या १५ जीबीपासून करा, सगळे तिथूनच करतात. १५ म्हणजे नक्की कशाकशाला हे विचारत बसू नका, उगाच मूड जातो. त्यात मेल, त्यात ड्राइव्ह, त्यात फोटो, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवाल्यांचा व्हॉट्सॲप बॅकअपसुद्धा त्यातच, म्हणजे वन रूम किचनमध्ये चार बिऱ्हाडं आणि संडास कॉमन. कुणा एकाने जास्त जागा खाल्ली की बाकीच्या तिघांचा श्वास अडकतो, १५ पूर्ण भरले की मेल यायचा बंद होतो, मग तिकडे इंटरव्ह्यूचं लेटर परत गेलेलं असतं कारण इकडे चुलतभावाच्या हळदीचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ आहे. पण तुम्ही बॅकअपमध्ये व्हिडिओ घ्यायचं बटण चालूच ठेवा. मामांनी पाठवलेला गुलाब, गुलाबावर दवाचे थेंब, थेंबावर चमकणारं शुभ सकाळ, हे सगळं रात्री दोन वाजता गुपचूप ढगात चढलं पाहिजे. पुढच्या पिढ्यांना काय दाखवणार नाहीतर.

आणि अनलिमिटेड म्हणतील तिथे तर उडीच मारा. २०१५ साली गुगल फोटोज आलं तेव्हा जरा बारीक करून ठेवणार असाल तर हवे तेवढे फोटो ठेवा, सगळं मोफत, असंच होतं. आपण ठेवले की. बारशापासून छोट्या शिशूच्या गॅदरिंगपर्यंत ठेवले, एकाच उकडीच्या मोदकाचे आठ फोटो ठेवले, त्यातले सहा हललेले. मग १ जून २०२१ पासून नवीन फोटो त्याच १५ जीबीत मोजायला लागले. आता फसवलं वगैरे म्हणायचं नाही हं, त्यांनी बरेच महिने आधी सांगितलं होतं, जुने फोटो मोजलेही नाहीत, फक्त तेवढ्या सहा वर्षांत आपली मेमरी कार्ड घ्यायची सवय मोडली आणि फोटो काढायची लागली, बाकी काहीच झालं नाही. आवळा देऊन कोहळा काढणे ऐकलं होतं, इथे आवळा सहा वर्षं रोज भरवला, कोहळा आपण आपल्या हाताने चिरून दिला.

एकट्या गुगललाच नावं ठेवायला नकोत. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हने फुकटच्या १५ जीबीचे ५ करायचं २०१५ मध्ये जाहीर केलं. फ्लिकर या फोटो ठेवायच्या साइटने २०१३ मध्ये चक्क एक टीबी दिला होता, लोक येडे झाले होते, मग मालक बदलला आणि २०१९ मध्ये फुकटवाल्यांना हजार फोटोंची मर्यादा, वरचे काढून टाकणार, तेही जुन्यात जुने आधी. ड्रॉपबॉक्स तर २ जीबीच देतो, पण मित्राला आणलंत की ५०० एमबी बक्षीस, त्या नादात मी कॉलेजात ज्यांच्याशी बोलत नव्हतो त्यांनाही लिंका पाठवल्यात. आणि २०१९ पासून फुकटात तीनच डिव्हाइस. मोबाइल कंपन्यांच्या ऑफरी तर सोडूच नका, २०२५ मध्ये एअरटेलने पोस्टपेडवाल्यांना १०० जीबी सहा महिने फुकट दिलं, त्यानंतर महिन्याला १२५ रुपये बिलात, नको असेल तर तुम्ही जाऊन बंद करा. सहा महिन्यांनंतरची तारीख तुमच्या लक्षात राहीलच, लग्नाचा वाढदिवस राहतो तशी.

एका अकाउंटने भागत नसेल तर पाच काढा. मी सात काढलेली. त्यातल्या एकात आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो आहेत, कंपनी कुठली ते जाऊ दे, पासवर्ड आठवत नाही आणि ओटीपी जातो जुन्या सिमवर, जे मी रिचार्ज न करता मारून टाकलं. तो नंबर आता भलत्याच माणसाकडे आहे. मी फोन लावला, म्हटलं दादा, एक ओटीपी आलाय तेवढा सांगता का. पुढचं संभाषण इथे लिहिण्यासारखं नाही, पण चूक त्याची म्हणता येत नाही, ओटीपी कुणाला देऊ नका हे आपणच सगळ्यांना घोकून घोकून शिकवलंय. बरं नुसती अकाउंटं काढून ठेवून भागत नाही, गुगल दोन वर्षं न उघडलेलं अकाउंट पुसू शकतं, डिसेंबर २०२३ पासून सुरू केलंय त्यांनी. त्यामुळे सातही घरी अधूनमधून जाऊन दिवा लावून यायचा.

फोन भरला की मात्र बेधडक गुगल फोटोजमध्ये जा, सगळं सिलेक्ट करा, डिलीट. ढगात आहेतच की! इथे एक बारीक गंमत आहे, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, इकडे पुसलं की तिकडेही पुसतं. 'फ्री अप स्पेस' असं वेगळं बटण असतं, ते फक्त फोनमधलं काढतं, पण तेवढं कोण शोधत बसणार. साठ दिवस कचऱ्यात असतात, एकसष्टाव्या दिवशी आठवतं.

कधीकाळी वाटलंच की पुरे झालं, आपला माल घेऊन निघू, तर तीही सोय आहे. गुगलमध्ये तिला टेकआउट म्हणतात. १०० जीबी असेल तर दोन-दोन जीबीच्या झिप फायलींची पन्नास गाठोडी मिळतात, लिंक आठवडाभरच चालते, फोटो एका फायलीत आणि त्याची माहिती शेजारच्या दुसऱ्या फायलीत, जोड्या तुम्ही लावा. घरात यायला एक टिचकी, बाहेर पडायला टेम्पो. आणि इथे कुळकायदा लागू होत नाही, दहा वर्षं कसली म्हणून जमीन तुमची होत नाही.

त्यापेक्षा जास्त जागेसाठी गुगलला महिना १३० रुपये देऊन टाकावे का, असा विचार मनात येईल, तो झटका. फुकटचं व्रत मोडायचं नाही. रात्री साडेअकराला बसा, दहा एमबीच्या वरचे मेल शोधा, २०१४ च्या फ्लॅटचं ब्रोशर, लोन स्टेटमेंट, कुणाचा तरी बायोडेटा, एकेक पुसा, दात कोरून पोट भरा. मी काल दीड तास बसलो. १४.९८ वरून १४.९१ वर आणलं, कचरापेटीसुद्धा रिकामी केली, ती पण मोजतात म्हणून. दोन वाजता बॅकअप झाला, १४.९६.

मामांचा गुलाब पावणेसहाला आला.