खुलासा: ‘स्मर्फ’ म्हणजे हॅकर नव्हे

‘डोटा 2 या ऑनलाइन गेममध्ये हॅक वापरणाऱ्याला स्मर्फ म्हणतात आणि हा शब्द त्याच गेममधून आला,’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

स्मर्फ हॅक, म्हणजे फसवणुकीचं कोणतंही सॉफ्टवेअर, वापरत नाही. तो मुळातच तरबेज असतो. फक्त दुसरं अकाउंट उघडून खालच्या रँकमध्ये, नवख्यांसमोर उतरतो. पैसे घेऊन दुसऱ्याच्या अकाउंटची रँक वाढवून देणारा तो बूस्टर, तो आणखी वेगळा.

शब्द तर डोटापेक्षा बराच जुना. 1996च्या सुमारास ‘वॉरक्राफ्ट 2’ या गेममध्ये दोन खेळाडू इतके गाजले की त्यांचं नाव दिसताच समोरचे खेळायलाच तयार होईनात. मग त्यांनी कार्टूनमधल्या निळ्या बुटक्यांची, पापा स्मर्फ आणि स्मर्फेट ही नावं घेतली. तिथून हे चिकटलं.

हॅक नाही म्हणून स्मर्फिंग निर्दोष, असंही नाही. डोटा 2 बनवणाऱ्या व्हॉल्व्हने सप्टेंबर 2023मध्ये अशी 90,000 अकाउंट बंद केली, आणि ते योग्यच झालं. नुकतं शिकणाऱ्या पोराचा हुरूप यात मरतो. पण चांगलं खेळणाऱ्या प्रत्येक अनोळखी खेळाडूला हॅकर म्हणून रिपोर्ट करू नका.