एका रात्रीत एकाच डोक्याचं दोनदा सिटी स्कॅन

मामा मोटारसायकलवरून पडले त्या रात्री त्यांच्या डोक्याचं दोनदा सिटी स्कॅन झालं. पहिलं जिल्ह्याच्या गावी रात्री नऊला, दुसरं नागपुरात पहाटे तीनला. रक्तस्राव वाढला का हे बघायला पुन्हा स्कॅन काढावं लागतं, हे मला समजतं. तसं असतं तर एक शब्द बोललो नसतो. पण ड्युटीवरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "या फिल्मवरून मला ठरवता येत नाही. मूळ इमेजेस असत्या तर पुन्हा काढलं नसतं."

मूळ इमेजेस होत्या हो! पावणेदोनशे किलोमीटर मागे, मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये.

निघताना मी हात जोडून मागितल्या होत्या. पेनड्राइव्ह पुढे केला, तर म्हणे व्हायरस येतो, लावायची परवानगी नाही. बरं, सीडी द्या. "सीडी संपल्यात, सकाळी साहेब आल्यावर या." बाहेर अँब्युलन्स चालू, आत मामा बरळतायत, आणि सकाळी या! शेवटी तिथल्या एका पोरानं फिल्म उजेडासमोर धरून मोबाईलनं फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर टाकले. त्यात ट्यूबलाइटची तिरीप आणि त्याच्या बोटांची सावली. त्याच्यावर माझा राग नाही. त्या रात्री आमच्यासाठी काही केलं असेल तर त्यानंच.

राग आहे तो फिल्म हातात देऊन मोकळं होणाऱ्या कारभारावर. स्कॅनमध्ये डोक्याचे दोनशे-तीनशे काप असतात, फिल्मवर छापतात त्यातले निवडक, तेही पोस्टाच्या तिकिटाहून थोडे मोठे. कॉम्प्युटरवर डॉक्टर उजेड-अंधार बदलून कधी हाड बघतात, कधी मेंदू. कवटीला चिकटलेला रक्ताचा पातळ थर असा बदल केल्यावरच नीट दिसतो. फिल्मवर मात्र छापणाऱ्यानं ठरवलं तेवढंच, कायमचं. त्याचाच फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला की उरलंसुरलंही जातं.

आणि हे अवघड आहे म्हणून होत नाही, असं कुणी मला सांगू नये. कुठल्याही कंपनीच्या मशीनची इमेज दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर उघडावी म्हणून डायकॉम नावाची पद्धत १९९३ पासून आहे. या इमेजेस साठवायला आणि पाठवायला ऑर्थँक नावाचं सॉफ्टवेअर बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात तयार झालं. ते फुकट मिळतं आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतं. एक काप साधारण अर्ध्या एमबीचा, म्हणजे अख्खं डोकं शंभर-दीडशे एमबी. आमच्या गल्लीतली पोरं संध्याकाळभरात त्याच्या कितीतरी पट व्हिडिओ बघतात. नेट रडतखडत चालत असलं तरी अँब्युलन्स तीन-चार तास रस्त्यावर असते, तेवढ्यात इमेजेस पोचल्या असत्या!

केसपेपर काढताना मात्र आधी आभा नंबर मागितला, म्हणजे आरोग्याच्या नोंदी ज्याला जोडायच्या तो सरकारी नंबर. चौदा आकडे. मी अंधारात मोबाईल चाचपडत तेही दिले. मग त्या नंबरावर स्कॅन का नाही गेलं? डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत रुग्णानं कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्या असं लिहिलंय. डोक्यात रक्त साचलेल्या माणसाला ७२ तास नसतात, पण आम्हाला तर ७२ दिवसांतही मिळालं नाही.

दुसऱ्या स्कॅनचे पैसे मामीनं बचत गटाकडून उचलले. छातीच्या साध्या एक्स-रेच्या जवळपास शंभरपट किरणं डोक्याच्या एका स्कॅनमध्ये लागतात, ती मामांनी दोनदा घेतली. आणि पहाटेचा दीड तास त्या स्कॅनच्या रांगेत गेला. त्या दीड तासात मामी भिंतीला टेकून बसली होती, तिला काय सांगायचं मला कळत नव्हतं.

मामा वाचले. आता घरी आहेत, डावा हात अजून उचलत नाही. तीन महिन्यांनी नागपूरच्या डॉक्टरांनी तुलनेसाठी पहिल्या रात्रीचं स्कॅन मागितलं. मी पुन्हा फोन केला. उत्तर आलं, "ते डिलीट झालं, मशीनमध्ये जागा नव्हती." कोट्यवधींचं मशीन घेतलं, आणि हजारो स्कॅन मावतील अशी एक साधी हार्ड डिस्क नाही घेता आली? ते मामांच्या डोक्याचं स्कॅन होतं. कुणाला विचारून पुसलंत?