खुलासा : सोनकी ही सूर्यफुलाची पूर्वज नव्हे

कास पठारावरील सोनकीच्या छायाचित्रासह ‘हीच सूर्यफुलाची आदिम पूर्वज’ असा संदेश सध्या फिरत आहे. गेल्या पावसाळ्यात मीही तो पुढे पाठवला होता, ती माझी चूक होती. दोन्ही वनस्पती अ‍ॅस्टरेसी (सूर्यफुलाच्या) कुलातील असल्या, तरी सोनकी सेनेसिओ प्रजातीतील, म्हणजे वेगळ्या शाखेवरची आहे आणि सूर्यफुलाचे रानटी पूर्वज उत्तर अमेरिकेतले आहेत. या कुलातील बहुतेक वनस्पतींच्या हरितलवकातील (पेशीतील प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या घटकातील) डीएनएचा एक मोठा तुकडा उलटा बसलेला आढळतो. दक्षिण अमेरिकेतील बार्नाडेसिया या वनस्पतीच्या गटात तो तसा नाही, म्हणजे हा बदल होण्याआधीच तो गट वेगळा झाला असावा; हे जॅन्सन आणि पामर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दाखवल्यामुळे तो गट या कुलातील सर्वांत आधी फुटलेली शाखा मानला जातो. (तोही पूर्वज नव्हे, दूरची भावकीच.) जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये.