कॉसमॉसचं बी टेकडीवर उधळण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की एक निरोप हमखास फिरतो: ‘मूठभर कॉसमॉसचं बी खिशात ठेवा, टेकडीवर उधळा. रानफूल आहे, मधमाश्यांना मध मिळतो, आणि थंडीत आपोआप वाळून जातं.’

रानफूल आहे खरं, पण मेक्सिकोच्या रानातलं. आपल्याकडे ते बागेतून सुटलं. पिवळा-केशरी रंग बघून पुष्कळजण त्याला सोनकी, म्हणजे आपलं सह्याद्रीतलं पिवळं रानफूल, समजतात. कुळही एकच, सूर्यफुलाचं. फूल सोडा, पान बघा. सोनकीचं साधं, कडेला दाते असलेलं. कॉसमॉसचं झेंडूसारखं चिरलेलं. शिवाय हा गडी छातीला लागतो.

मधमाश्या येतात, मान्य. त्या तेरड्यावर आणि सोनकीवरही येतातच की. फुलपाखरांचं मात्र नुसत्या मधावर भागत नाही, सुरवंटाला ठरावीक झाडाचंच पान लागतं. छातीएवढ्या कॉसमॉसची दाटी झाली की खालच्या कवला, आमरी अशा वीतभर रानफुलांना ऊन कुठून मिळणार?

आता ‘आपोआप वाळून जातं’. झाड वाळतं हो, बी नाही! पाकळ्या गळाल्यावर देठावर काळपट सुयांचा झुबका उरतो. त्यातली एकेक सुई म्हणजे एकेक बी. टोकाला बारीक काटे, तेही उलटे वळलेले. हिवाळ्यात टेकडीवरून उतरलो की मी पायरीवर बसून मोज्यांतून हेच वेचत असतो. कुत्र्याच्या केसांतून, शेळीच्या अंगावरूनही ते असंच पुढच्या उतारावर पोचतं आणि पहिल्या पावसात उगवतं.

याचाच जोडनिरोप म्हणजे ‘उपटून काही होत नाही, तणनाशक मारा’. सरसकट मारलेल्या फवाऱ्याला सोनकी कुठली नि कॉसमॉस कुठला, काय कळणार? उपटून होतं, फक्त वेळ साधावी लागते. माती ओली असताना, बी धरायच्या आत, बुंध्याशी धरून ओढलं की मुळासकट हातात येतं. फुलं आलेली रोपं तिथेच टाकू नका, मागे राहिलेल्या फुलांत बी पिकू शकतं. झुबके काळे पडले असतील तर झाड हलवायचंच नाही. झुबके अलगद कापून पोत्यात भरायचे. जमिनीत आधीचं बी असतं, त्यामुळे पुढची काही वर्षं त्याच जागी परत जावं लागतं. कंटाळवाणं काम आहे.

कुंडीत हौसेने लावलाय? असू दे. फूल सुकलं की कात्री चालवा, आणि टेकडीवरून आल्यावर मोजे गॅलरीतून झटकू नका.