आठचा उतारा

परवा मी गिरणीच्या रांगेत पाऊण तास बसलो. रिकाम्या हाताने. घर वडिलांच्या नावावरून माझ्या नावावर करायचं, म्हणून नमुना आठचा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीची नक्कल, हवा होता. आणि ग्रामपंचायत जांभ्याच्या, कौलारू इमारतीत असते हे मला लहानपणापासून पाठ. दारावर पाटीही होती: ‘ग्रामपंचायत कार्यालय, जि. रत्नागिरी’. खरं तर तिथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला. पाटीला कोणी कळवलं नव्हतं.

लाईट गेलेली, त्यामुळे गिरणी गप्प. पडवीत बायामाणसं बसलेली. सरकारी कचेरी अशीच दिसते.

शेजारच्या आजींनी विचारलं, “तुझा काय?”

“आठ नंबर.”

“आठवो माझो. तुझो बारावो. बस थयसर.”

“उतारा हवाय, आजी.”

“उतरवतलो तो. लाईट येवंदे.”

“वेळ लागेल?”

“तांदूळ आसले तर बेगीन. नाचण्याक येळ लागता.”

मला वाटलं, ही जुन्या-नव्या नोंदींची काहीतरी स्थानिक भाषा असावी. म्हटलं, “वडिलांचं नाव काढून माझं लावायचंय.”

आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मगे डब्यार खडून लिव. पण डबो खय?”

सरकारी कामात इतकी सुटसुटीत प्रक्रिया मला आजवर कोणी सांगितली नव्हती.

तेवढ्यात लाईट आली, पट्टा फिरला आणि मी पांढरा झालो. गिरणीवाला म्हणाला, “पंचायत? ती कवाच हायवेर गेली.”

छप्पर गळतं म्हणून गेली म्हणे. मग त्याच गळक्या छपराखाली रेशन दुकान आलं, बालवाडी भरली, गणपतीच्या मखराचे वासे राहिले. पोरं चालतात, पीठ चालतं, फक्त फायली भिजतात. नवी इमारत स्लॅबची. तोही गळतो, म्हणून वर पत्र्याची शेड. आमच्या घरपट्टीतून आधी स्लॅब, मग पत्रे. विचारायचं कोणाला?

तिथे भिंतीवर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचा भलाथोरला फलक आहे. किती दिवसांत काय मिळेल ते सगळं त्यावर लिहिलंय. त्याखाली ग्रामसेवकांची खुर्ची, रिकामी. साहेब तालुक्याला मीटिंगला. शिपाई माझ्या भुवयांकडे बघत म्हणाला, “दळणाक गेल्लास काय? सोमवारी येवा.”

सोमवारी जायचंय. बायको म्हणते, त्या बाजूला जातोच आहात तर पाच किलो तांदूळ न्या. मी अजून तिच्याशी बोललेलो नाही.